खारा वारा आणि पाच ग्रॅमचं शटल

प्रश्न : आमचं घर गुहागरच्या किनाऱ्याला लागूनच. मे महिन्यात मुलं सुट्टीला आली म्हणून खळ्यात बॅडमिंटनसाठी दोन पोफळींना जाळं बांधलं आणि पिसांची डझनभर शटलं मागवली. चार दिवसांत डबा रिकामा! संध्याकाळी सर्व्हिस केली की शटल थेट शेजारच्या गोठ्यात. यजमान म्हणतात, हा खेळ इथे व्हायचाच नाही. कुणी म्हणालं, पिसांना वाफ द्या. काय करू?
– एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : ताई, यजमानांचं मनावर घेऊ नका. मी रत्नागिरीत पस्तीस वर्षं रॅकेट धरतोय, त्यातली पहिली दहा जांभ्या दगडाच्या अंगणातच गेली. चुकलीय ती फक्त तुमची वेळ.

शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो दिवस मावळेपर्यंत काही पडत नाही. नेमके तेव्हाच तुम्ही खेळायला उतरता. रात्रीचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सकाळी ओसरतो आणि खारा अजून सुरू व्हायचा असतो. त्या मधल्या दीड-दोन तासांत खेळा. माडाकडे बघायचं. झावळीचं टोक स्थिर असेल तर जाळं बांधा, नाहीतर चहा घ्या.

पिसांचं शटल हॉलसाठी ठेवा. त्यात १६ पिसं असतात, सगळी एकाच बाजूच्या पंखांची, म्हणून ते गरगरत सरळ जातं. एक पीस मोडलं की भेलकांडायला लागतं. जांभ्यावर दोनदा घासलं की संपलंच. अंगणात नायलॉनचं घ्या. बुडाशी रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. आपल्याकडच्या उकाड्यात हवा विरळ होते आणि शटल लांब जातं, म्हणून आधी हिरवी घेऊन बघा. पारख सोपी आहे. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारा. पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर ते बरोबर.

वाफेचा सल्ला देशावरच्या कुणी दिला असणार! तिकडे कोरड्या हवेत पिसं कडकडीत होऊन तुटतात. आपल्याकडे हवाच ओली. पावसाळ्याचं मला जास्त भय वाटतं. एका जुलैत मी टॉवेलची ग्रिप लावलेली रॅकेट आठवडाभर पिशवीत विसरलो. काढली तर मुठीवर हिरवी-काळी बुरशी, आणि वास सुक्या बांगड्याचा! तेव्हापासून साधी रबरी ग्रिप लावतो आणि घरी आलो की रॅकेट पंख्याखाली टांगतो.

जाळ्याची उंची मधोमध बरोबर पाच फूट, खांबाशी इंचभर जास्त. शटल झावळीत अडकलं तर आंबे उतरवायचा झेला, काठीला जाळी लावलेला, आहेच.

प्रश्न : आमचे गुरुजी म्हणतात, बॅडमिंटन पुण्याचा खेळ. खरं का?
– इयत्ता आठवी, देवगड

उत्तर : गुरुजींना अर्धे गुण. नाव पडलं ते इंग्लंडातल्या बॅडमिंटन हाउस या वाड्यावरून. पण सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले आणि तेव्हा खेळाला ‘पूना’च म्हणत. उरलेले अर्धे गुण हवे असतील तर त्यांना विचार, आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू कोण? उत्तर : सांगलीचे नंदू नाटेकर, १९५६.