सायलेन्सर घरी बसवायचा तर आधी हेडवरचे दोन नट बघ

तू विचारलंस की 2021 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 आहे, घर मालवणात किनाऱ्यालगत, सायलेन्सर खालून कुजलाय. बाहेरचा स्टेनलेसचा आणून घरीच बसवता येईल का, आणि खोलतोच आहे तर बेंड पाइपही (इंजिनातून सायलेन्सरकडे येणारा वाकडा पाइप) बदलावा का?

बसवता येईल, एका सकाळचं काम आहे. पण बेंड पाइप शाबूत असेल तर त्याला हात लावू नकोस. तो हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, दोन नटांनी धरलेला असतो आणि आपल्याकडे किनाऱ्यावर सगळं काम अडतं ते त्या दोन नटांपाशी. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, नट ज्यावर बसतो तो आटेवाला स्टड लोखंडाचा, वर खारी हवा आणि चार पावसाळे. दोन धातू एकमेकांना धरून बसतात. माझ्या जुन्या गाडीचा असाच एक स्टड मी घाईत तोडला. पाना फिरत होता, मला वाटलं नट सुटतोय. खरं तर स्टड पिळला जात होता. सुटणारा नट आधी 'कट्' करतो आणि मग हलका फिरतो. पिळला जाणारा स्टड आवाज न करता गुळासारखा मऊ लागतो. तो मऊपणा हाताला लागला की तिथेच थांब. मी थांबलो नाही. मग हेड उतरवून लेथवाल्याकडे नेणं, तुटका तुकडा काढणं, नवे आटे पाडणं यात आठवडा गेला.

बेंड पाइप काढावाच लागला, तर आदल्या रात्री नटांना गंज सोडवणारं तेल मार. सकाळी इंजिन थोडं कोमट करून पुन्हा मार आणि अर्धा तास थांब. नट आधी किंचित आवळ, मग सोड, पुन्हा थोडा आवळ, असं पुढेमागे करत आण. रिंग पानाच वापर, फिक्स पान्याने कोपरे झिजतात. पेट्रोलची टाकी गाडीवर असताना नटावर गॅसची ज्योत अजिबात धरू नकोस. परत बसवताना हेड आणि पाइप यांच्यामधलं गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) नवंच टाक. जुनं एकदा चेपलेलं असतं, ते पुन्हा नीट बसत नाही. नट पितळी मिळाले तर तेच लाव, ते स्टडला चिकटत नाहीत.

आता सायलेन्सर. 304 ग्रेडचं स्टेनलेस माग. नुसतं चकचकीत क्रोम असेल तर आत साधं लोखंडच असतं. तुझा खालून का कुजला तेही सांगतो: लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी तळाशी साचतं. तळाला बारीक भोक असेल तर ते तारेने मोकळं ठेव.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लाव. मग हेडकडून मागे येत आवळ: आधी हेड, मग जोडाचा क्लॅम्प, शेवटी फुटरेस्टजवळचा ब्रॅकेट. उलट केलंस तर पाइप ताणात राहतो आणि ब्रॅकेटला तडा जातो. पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढावा लागला तर वायरचा कनेक्टर आधी सोडव, नाहीतर वायर पिळून तुटते. सेन्सरच्या टोकाला तेल लागू देऊ नकोस. पहिल्यांदा चालू करण्याआधी पाइप थिनरने पुसून घे, नाहीतर बोटांचे ठसे कायमचे भाजून उमटतात. मग इंजिन गार असतानाच जोडांवर साबणाचं पाणी मारून चालू कर. बुडबुडे आले की तिथे गळती आहे. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा गाडीचा कॉम्प्युटर, फसून जास्त पेट्रोल देतो आणि थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात.

आवाजाबद्दल मनापासून सांगतो, सायलेन्सरमधली आवाज दाबणारी जाळी काढून फिरू नकोस. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, लायसन्सही तीन महिने जातं. आणि आपल्या वाडीत रात्री आजारी माणसं, तान्ही पोरं झोपलेली असतात. नवा घेण्याआधी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठल्या भागात आहे तेही बघ. तो निघाला तर बीएस-6 गाडी प्रदूषणाच्या नियमात राहत नाही.

शंभरेक किलोमीटर झाले की गाडी गार करून सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळ, एखादा तरी पाव फेरा घेतोच.