पत्रिकेवरचा साज पिवळ्या प्लास्टिकसारखा का दिसतो?

प्रश्न : दादा, मी घरबसल्या लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करते. एका पार्टीला पत्रिकेच्या कडेनं कोल्हापुरी साजाची बॉर्डर पाहिजे म्हणून फोटोशॉपमध्ये मणी काढले, बेव्हेल-एम्बॉस (उठाव दाखवणारा इफेक्ट) दिलं, सावली दिली, तरी सोनं काही वाटेना, हिरवट पिवळं प्लास्टिक वाटतंय आणि मणी पण एकमेकात वितळल्यासारखे झालेत. काय करू? आणि माझ्या मैत्रिणीकडं फोटोशॉप नाही, तिला हे जमेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, तो हिरवटपणा सावलीतनं येतोय. बेव्हेलमध्ये शॅडोचा रंग आधीपासून काळाच असतो आणि पिवळ्यावर काळा पडला की शेवाळी छटा येतेच. काळा काढून तांबूस तपकिरी टाका, आरजीबी ९०, ४५, १० च्या आसपास, मोड मल्टिप्लायच राहू दे. हायलाइटला पण पांढराफेक नको, २५५, २४०, १९० असा फिकट पिवळा घ्या. मग ग्लॉस कॉन्टूरमध्ये रिंग निवडा. पॉलिश केलेल्या धातूत आजूबाजूचा उजेड-अंधार उमटतो म्हणून उजळ पट्टीला लागूनच गडद पट्टी दिसते, ती या रिंगमुळं मिळते, नुसता पिवळा ग्रेडियंट कितीही फिरवला तरी मिळत नाही.

आता मणी. एका लेयरवर मणी एकमेकांना चिकटले की बेव्हेल त्यांना एकच आकार समजतं, म्हणून वितळल्यासारखे दिसतात. एक मणी काळ्या रंगात काढून त्याचा ब्रश बनवा, पेन टूलनं पाथ काढा आणि स्ट्रोक पाथ द्या, पण स्पेसिंग एवढं ठेवा की मधे एक मणी बसेल. त्या मोकळ्या जागा दुसऱ्या लेयरवर भरा आणि तीच लेयर स्टाइल कॉपी करा, म्हणजे मणी खेटून बसतात तरी प्रत्येकाची कड वेगळी राहते. ठुशीला तर हे पाहिजेच. साजाचा जवमणी लांबट असतो, त्याला शेप डायनॅमिक्समध्ये अँगलचा कंट्रोल डायरेक्शन करा, नाहीतर वळणावर मणी आडवे पडतात.

साजाची पानं, म्हणजे नक्षीची पदकं, मात्र सुटी काढा, प्रत्येक पान वेगळ्या लेयरवर. साजात २१ पानं धरतात, १० दशावताराची, ८ अष्टमंगलाची, २ माणिक-पाचूची आणि शेवटचा ताईत. मासा, कासव, चंद्र ओळखू आले पाहिजेत, कारण आपल्याकडच्या बायका पत्रिका हातात घेतल्या घेतल्या तेच बघतात! पानाला बेव्हेलचं टेक्निक चिझल हार्ड, मण्याला स्मूद. एकदा गुजरीत, आपल्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जाऊन शोकेसमधला खरा साज नीट बघाच, जवमण्यावर चमक लांब बारीक रेघेसारखी पडते, ठुशीच्या गोल मण्यावर ठिपक्यासारखी. हे बघितल्याशिवाय डिझाइनला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धी बॉर्डर काढून फ्लिप करणार असाल तर स्टाइल चालू असतानाच करा आणि यूज ग्लोबल लाइटवर टिक ठेवा, मग उजेड दोन्हीकडं एकाच बाजूनं पडतो. रास्टराइझ करून (स्टाइल चित्रातच पक्की करून) किंवा स्मार्ट ऑब्जेक्ट करून (सगळं एका डबीत बांधल्यासारखं करून) फ्लिप केलं की डावीकडची चमक उजवीकडं जाते आणि सगळं खोटं वाटतं. फ्लिप झाल्यावर मग स्मार्ट ऑब्जेक्ट करा, कारण नुसतं ट्रान्सफॉर्म करून आकार बदलला की मणी बारीक होतात आणि बेव्हेल तेवढंच जाड राहतं. फ्लेक्सला तेच डिझाइन वापरायचं असेल तर आधीपासून मोठ्या साइजवर काढलेलं बरं.

मैत्रिणीला फोटोपी सांगा, ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी उघडतं आणि लेयर स्टाइलपण आहेत त्यात.

छापायला द्यायच्या आधी प्रूफ कलर्स चालू करून बघा, स्क्रीनवरची झळाळी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, कमी होतेच आणि सावलीत तांबूसपणा कमी असला तर परत शेवाळी दिसायला लागते. पार्टीला खरी सोनेरी फॉइल पाहिजे असेल तर हे शेडिंग तिथं चालत नाही, तेवढ्यासाठी साजाचा सपाट एकरंगी काळा आकार वेगळ्या फाइलमध्ये काढून द्या.