हुज्जतखोर की आक्रमक?

अमेरिकी प्रसारणावरील एका लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की ‘कन्फ्रंटेशनल टॉक शो होस्ट’ याला ‘आक्रमक सूत्रसंचालक’ म्हणावे का. माझ्या मते म्हणू नये. फलंदाजापासून मोर्चेकऱ्यापर्यंत सर्वांना लावून ‘आक्रमक’ हा शब्द आपण सैल करून टाकला आहे. समोरच्याशी वाद उकरून काढण्याची खोड त्यातून व्यक्त होत नाही.

‘वितंडवादी’ जवळचा वाटतो, पण न्यायसूत्रांनुसार (भारतीय तर्कशास्त्राचा, म्हणजे न्यायशास्त्राचा, मूळ ग्रंथ) स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करणे म्हणजे वितंडा. डेलावेअरमधील विल्मिंग्टनच्या रेडिओवरून ‘इट्स युअर निकल’ हा कार्यक्रम करणारा जो पाइन स्वतःची मते ठासून मांडत असे, आणि न पटणाऱ्याला ‘दाढीच्या पात्यांनी गुळण्या करा’ असे सुनावत असे. (निकल म्हणजे पाच सेंटचे नाणे, फोनचे पैसे तुमचे, तेव्हा बोला, असा त्या नावाचा भाव.) जिंकण्यासाठी छलाचाही (म्हणजे समोरच्याच्या शब्दांना भलता अर्थ चिकटवण्याचाही) आधार घेणाऱ्या अशा वादाला न्यायशास्त्रात ‘जल्प’ म्हणतात, परंतु आजच्या मराठी वाचकाला त्यातून बडबडच ऐकू येईल. ‘खडाजंगी’त दोन्ही बाजू तुल्यबळ लागतात, आणि येथे तर फोन तोडण्याची कळ एकाच्याच हाताशी असते.

म्हणून मी ‘हुज्जतखोर सूत्रसंचालक’ सुचवतो. ‘हुज्जत’ मूळचा अरबी, अर्थ पुरावा किंवा युक्तिवाद. मराठीत मात्र आपण सुट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालतो, तेव्हा पुराव्यापेक्षा हट्टच अधिक असतो. ‘खोर’ हा प्रत्यय, भांडखोर किंवा चुगलखोर याप्रमाणे, ती सवय अंगात मुरल्याचे सांगतो. 1987 साली न्यू जर्सीतील सिकॉकस येथून सुरू झालेल्या टीव्ही कार्यक्रमात मॉर्टन डाउनी ज्युनिअर हातात सिगारेट घेऊन पाहुण्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत असे. त्याला हे विशेषण अगदी चपखल बसते.

अमेरिकी रेडिओवरील सूत्रसंचालक रश लिंबॉसाठी मात्र ते वापरू नये. वादग्रस्त प्रश्नाच्या विरोधी बाजूही ऐकवण्याचे बंधन प्रसारकांवर घालणारा 1949 चा नियम 1987 मध्ये रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी लिंबॉचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. पण त्यात पाहुणे क्वचितच असत, बहुतेक वेळ तो एकटाच बोले. हुज्जत घालायला समोर कोणीतरी लागते. त्याच्या बाबतीत ‘विरोधकांवर आगपाखड करणारा’ असे लिहावे.