दारामागची पिशवी

प्रश्न : आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. 2019 च्या ऑगस्टात घरात कमरेएवढं पाणी आलं. म्हैस कशीबशी सोडली आणि आठ दिवस शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत काढले. तेव्हापासून जून लागला की रेशन कार्ड, आधार, शेताचा उतारा प्लॅस्टिकात गुंडाळून पिशवी दारामागं टांगते. रात्री तीन-तीनदा बॅटरी घेऊन पाणी बघायला उठते. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "विश्वास असता तर पिशवी कशाला लागली असती?" मुलीला बेळगावात नर्सिंगला जागा मिळतेय, पण वाटेत पूल आहे म्हणून मी नको म्हणाले. माझा विश्वास कमी पडतोय का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पिशवी आहे तिथंच राहू दे. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा आणि रात्री दाराला कडी लावता का, तेवढं विचारा.

मी तिशीत होतो तेव्हाची गोष्ट. संडे स्कूल घ्यायला निघालो, तर जत्राट-भिवशी बंधाऱ्यावर पाणी चढलेलं. देवाच्या कामाला चाललोय, आपल्याला काय होतंय, असं म्हणून लुना पाण्यात घातली. मध्यावर मागचं चाक सरकलं. लुना गेली, चित्रांचे तक्ते गेले. म्हशी राखणाऱ्या एकानं माझी कॉलर धरली म्हणून मी राहिलो. काठावर आणून म्हणतो कसा, "मास्तर, प्रार्थना केलासा, बरं झालं. पाणी बघाय नको व्हय?"

सैतानानं येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन बायबलातल्या एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलंच वचन ऐकवलं होतं : उडी टाक, देवदूत झेलतील. येशूनं उडी टाकली नाही. मी टाकून आलो होतो, वर संडे स्कूलचं नाव.

आता मुलीचं. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा 22 वा अध्याय काढा. तिसऱ्या वचनात शहाणा माणूस संकट दिसताच आडोशाला जातो. तेराव्यात आळशी घरात बसून म्हणतो, बाहेर सिंह आहे, रस्त्यात मारला जाईन. तुम्ही आळशी नाही, पण सिंह तोच. पिशवी तिसऱ्या वचनातली, पूल तेराव्यातला. यमगर्णीला हायवेसुद्धा बंद पडला होता, खरंय. पण तो काही दिवस. हिचं शिक्षण तीन-चार वर्षांचं. हॉस्टेलला राहील. पाणी असेल त्या आठवड्यात घरी यायचं नाही, एवढं तिला बजावा.

राहिली झोप. बायबलातल्याच नहेम्याच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. पण एकाच बाईला सगळ्या रात्री उभं केलं नाही हो! मालकांना एक पाळी द्या. नदीकडच्या एखाद्या बाभळीला दिवसाउजेडी चुन्याची ठळक रेघ मारा. पाऊस जोरात लागला किंवा वरच्या पाटगाव धरणातून पाणी सुटल्याचं कळलं की त्या दिवसांत पाळीनं तेवढी रेघ बघायची. पाणी रेघेला टेकलं तर मध्यरात्र असली तरी म्हैस सोडायची, पिशवी उचलायची, निघायचं. खाली असेल तर ज्याची पाळी नाही त्यानं झोपायचं. बाकीच्या रात्री दोघांनीही.

नर्सिंगचा फॉर्म भरायची शेवटची तारीख पत्रात लिहायची राहिलीय. ती आजच बघून घ्या.