वाचकांचे प्रश्न : टायमिंग चेन कधी बदलायची?

प्रश्न : माझी डिझेल गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. सकाळी स्टार्ट केली की ३-४ सेकंद फॅन बेल्टच्या बाजूने खडखड होते, मग थांबते. एक मिस्तरी म्हणतो चेन लगेच बदला, दुसरा म्हणतो चेनला मरण नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : दोघांचंही अर्धं. टायमिंग चेन इंजिनचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) एका मेळात फिरवते; काही गाड्यांत तेच काम रबरी टायमिंग बेल्ट करतो. त्या बेल्टला कंपनी किलोमीटर ठरवून देते, चेनला बहुधा देत नाही. चेन रबरासारखी ताणत नाही, तिच्या पिना झिजतात. समजा १२० सांधे आहेत आणि प्रत्येकात ०.०२ मिलिमीटर झीज झाली, तर चेन २.४ मिलिमीटरने लांबली. हा ढिलेपणा टेन्शनर ओढून धरतो, पण ऑइलच्या दाबावर. रात्रीतून टेन्शनरमधलं ऑइल उतरतं आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन गाईडवर (तिला वाटेत धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर) आपटते.

म्हणून आधी स्वस्तातलं काम करा. पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल आणि ओरिजिनल फिल्टर टाका. हलक्या फिल्टरमधला रबरी वॉल्व ऑइल अडवून धरत नाही, मग चेन चांगली असूनही खडखड येते. दुसरं, फॅन बेल्ट काढून इंजिन १०-१५ सेकंदच चालवा. आवाज गेला तर दोष अल्टरनेटरच्या किंवा बेल्टच्या बेअरिंगचा.

खरी काळजी गरम इंजिनच्या आवाजाची. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना एसी लावून बाजारात उभी ठेवलेली गाडी मीटरवर किलोमीटर दाखवत नाही, ऑइल मात्र म्हातारं होतं. गरम इंजिन आयडलवर असताना खडखड राहिली तर गेज लावून ऑइलचा दाब मोजा. दाब बरोबर असूनही आवाज तसाच असेल, तर चेनचं कव्हर उघडायची वेळ झाली. स्कॅनरवर पी००१६ कोड आला म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलाय. सेन्सर, वायरिंग तपासून घ्या. पण कोड आणि खडखड दोन्ही असतील तर 'जळगावला जाऊन येतो, मग बघू' म्हणू नका, गाडी टो करून न्या. चेनने दात सोडले की वॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात आणि खर्च हेडपर्यंत (इंजिनच्या वॉल्व असलेल्या वरच्या भागापर्यंत) जातो.

प्रश्न : नुसती चेन बदलली तर चालेल?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. जुन्या गरारीचे (चेन चालते त्या दातेरी चाकाचे) दात जुन्या चेनसोबत झिजलेले असतात, ते नवी चेन लवकर खातात. चेन, टेन्शनर, दोन्ही गाईड, गरारी आणि क्रँकचं पुढचं सील एकदमच घ्या. गाईड तुटलेला निघाला तर चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवाच, कारण प्लॅस्टिकचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. कॅम आणि क्रँक लॉक करायचं टूल नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका. चेन बसली की स्टार्टर मारण्याआधी पान्याने क्रँक हाताने २ पूर्ण फेरे फिरवायला सांगा. कुठे कडक अडकला तर जोर न लावता थांबायचं आणि टायमिंग पुन्हा लावायचं.