एथ्नोबायोलॉजी काँग्रेस भरवताय? आधी जाणकारांना बोलवा

अगं, एथ्नोबायोलॉजीची, म्हणजे माणसं आणि झाडं-प्राणी यांच्या नात्याच्या अभ्यासाची काँग्रेस (परिषद) भरवतेयस ना, मग हॉल आणि जेवणाचं नंतर बघ, ज्यांच्या बियाण्यांवर नि झाडपाल्यावर चार दिवस बोलणं होणार त्यांना पहिल्या मीटिंगपासून सोबत घे, उद्घाटनाला नुसतं नाचायला बोलावतात ना ते मला बघवत नाही. पहिली आंतरराष्ट्रीय एथ्नोबायोलॉजी काँग्रेस १९८८ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला झाली, तिथल्या जाहीरनाम्यातच आहे की स्थानिक जाणकारांना त्या विषयातले अधिकारी माना आणि त्यांचं ज्ञान वापरलं तर मोबदला द्या. तो मराठीत करून प्रत्येक व्हॉलंटियरच्या हातात ठेव.

आपल्याकडे १९९४ ला लखनौला झाली होती, म्हणजे अशक्य काही नाही. फक्त बाहेरच्या पाहुण्यांच्या कॉन्फरन्स व्हिसासाठी गृह आणि परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी लागते, ते काम आधी हातात घे.

आदिवासी पाहुण्यांना फी नको, प्रवासाचे पैसे आधीच हातात द्या, बिलं आणा मग देतो असं नको. दुभाषा त्यांच्या बोलीचा हवा, नुसता हिंदीवाला चालत नाही. वैदू झाड दाखवत असला तर विचारल्याशिवाय मोबाईल काढायचा नाही. आणि बियाण्यांचा स्टॉल लावलास तर तिथे मोठा बोर्ड लाव, परदेशी संशोधकांना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय संशोधनाला नमुने नेता येत नाहीत.