अ‍ॅप म्हणतं, मुलीचा सहभाग कमी आहे. काळजी करू का?

"मॅडम, अभ्यासाचं अ‍ॅप दर आठवड्याला कळवतं की हिचा सहभाग कमी आहे. बघायला जावं तर ही खोलीत येरझाऱ्या घालत असते. हिचं अभ्यासात मन आहे की नाही, हे ओळखायचं तरी कसं?"

नववीतल्या एका मुलीच्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थोड्याफार फरकाने अनेक पालक तो घेऊन येतात. काही जण मूल किती तास बसलं याची वहीच ठेवतात. या मोजमापामागे मुलांविषयीची खरी कळकळ असते, म्हणून मी ते कधी हसण्यावारी नेत नाही.

आईने मोबाइलवर अहवाल दाखवला. गणितात सहभाग कमी, इतिहासात उत्तम. मग मी मुलीशी एकटीशी बोलले. गणिताचा व्हिडिओ ती मध्येच बंद करते. रीत लक्षात आली की पुढचं तिला स्वतः सोडवून बघायचं असतं. अडलं की उठते, फेऱ्या मारते, परत वहीकडे येते. इतिहासाचा व्हिडिओ मात्र शेवटपर्यंत चालतो. "तो लावून मी केस विंचरते," ती म्हणाली. "संपला की हिरवी खूण येते, मग आई काही बोलत नाही."

अ‍ॅप खोटं सांगत नव्हतं. पडद्यावर काय किती वेळ चालू होतं आणि बोट कुठे लागलं, एवढंच त्याला कळतं. वहीतली खाडाखोड त्याला दिसणार कशी?

फ्रेड्रिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या तीन संशोधकांनी 2004 साली शिकण्यातल्या सहभागाचे तीन पदर मांडले. पहिला वागण्याचा: वर्गात हजर असणं, गृहपाठ करणं, प्रश्न विचारणं. दुसरा भावनेचा: विषयाची ओढ, कंटाळा, भीती, शाळेविषयीचं आपलेपण. तिसरा विचारांचा: अवघड भागाशी झटणं, आपल्याला काय कळलं नाही ते स्वतःच शोधणं. घरातून आणि अ‍ॅपवरून दिसतो तो बहुतेक पहिलाच, तोही अर्धामुर्धा. शिवाय सहभाग विषयागणिक बदलतो, कधी एकाच तासिकेत चढतो-उतरतो. सगळ्याचा मिळून एकच आकडा काढला की नेमकं हेच हरवतं.

आईला मोजायचंच होतं, तर मोजूया म्हटलं. 1970च्या दशकात शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पेजर दिले होते. तो अवचित वाजला की त्या क्षणी आपण काय करतोय आणि कसं वाटतंय, ते लिहायचं. त्याचंच साधं रूप आम्ही घेतलं. अभ्यासाच्या वेळेत मुलीच्या घड्याळात वेळ बदलून बदलून गजर लावला. वाजला की तीन ओळी लिहायच्या: काय करतेय, मन कुठे आहे, काम सोपं वाटतंय की अवघड. माझी अट एकच होती, वही मुलीची. तिने दाखवली तरच आईने बघायची. मोजण्याची टांगती तलवार झाली की मुलं अभ्यासाऐवजी अभ्यास दाखवायला शिकतात. केस विंचरणं हे त्याचंच उदाहरण आहे, आणि त्यासाठी मी त्या मुलीला अजिबात दोष देत नाही.

वही तिने आपणहून आणली. गणितापुढे "अवघड" हा शब्द पुष्कळदा होता, पण मन गणितातच होतं. इतिहासापुढे एकदा लिहिलं होतं: "कोण कोणाचा कोण, तेच कळत नाही. विचारायची लाज वाटते." मला ही ओळ अख्ख्या अहवालापेक्षा मोलाची वाटली. तिला इतिहासाचा कंटाळा नव्हता, धागा सुटला होता.

आईला मी सुचवलं की "किती वेळ बसलीस?" ऐवजी "पुस्तक न उघडता मला काय सांगशील?" असं विचारा, तेही उलटतपासणीच्या सुरात नको. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र, न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. आठवायला बसलं की कुठे अडतंय ते मुलाचं मुलालाच कळतं, आणि आपल्यालाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते. सगळ्याच विषयांतून मन एकाएकी उडालं असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडते खेळ आणि मित्रही नकोसे झाले असतील, तर तो सहभाग मोजण्याचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना लवकर दाखवा. फळ्यावरचं वाचायला किंवा वर्गात ऐकू यायला त्रास होत असेल तर डोळे-कान आधी तपासून घ्या. या मुलीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

इतिहासाच्या बाईंना आई आणि मुलगी मिळून भेटल्या. बाईंनी धडा सुरू करण्याआधी घराण्यांचा आणि घटनांचा तक्ता काढून घ्यायला सांगितलं. मुलगी आता तो स्वतः काढते, नावं अजूनही चुकवते, पण वर्गात हात वर करून विचारते. गणिताच्या वेळच्या येरझाऱ्या चालूच आहेत. आईने अ‍ॅपच्या साप्ताहिक सूचना बंद केल्या आहेत.